पाच गोल झाले, मग?

"खेळ हो, पण कॉलेज संपेपर्यंतच!" मुलीला खेळायची परवानगी देताना आपल्या घरांतून हे वाक्य हमखास ऐकू येतं. कॉलेजच्या संघाचा मोसम तसाही छोटासा. निवड चाचणी, आंतरमहाविद्यालयीन सामने, फार तर विद्यापीठाचा संघ आणि मग परीक्षा. असे तीन मोसम झाले की बूट माळ्यावर!

दिल्लीच्या अदिती चौहानचे बूट माळ्यावर गेले नाहीत. ते कसं, हे प्रत्येक आईबाबांनी ऐकण्यासारखं आहे.

शाळेत अदिती बास्केटबॉल खेळायची. चेंडू हातात धरायची सवय फुटबॉलमध्ये एकाच जागी उपयोगी पडते, गोलपुढे! प्रशिक्षकांच्या आग्रहावरून तिने निवड चाचणी दिली आणि ती गोलकीपर झाली. पुढे चाणक्यपुरीतल्या जीझस अँड मेरी कॉलेजात शिकताना खेळ चालूच राहिला. 2012 साली कोलंबोत नेपाळला 3-1 असं हरवून भारताच्या मुलींनी सॅफ स्पर्धा जिंकली. त्या संघात एकोणीस वर्षांची अदिती होती.

पण कॉलेजनंतर खेळायचं कुठे? मुलींसाठी तेव्हा देशात राष्ट्रीय लीगच नव्हती. ती सुरू झाली 2016-17 च्या मोसमात. मग अदितीने शिक्षणातूनच वाट काढली. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात ती क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेली आणि तिथल्या विद्यापीठाच्या संघातून खेळू लागली. 'आधी अभ्यास की आधी खेळ?' हा आपला नेहमीचा वाद तिने असा मिटवला.

2015 साली लंडनच्या वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघाने तिला घेतलं. हा संघ तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता. त्या पातळीवर पैशांचं वलय नव्हतं. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून मुली सराव करायच्या. तरी इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय महिला म्हणून इकडे अदितीचं केवढं कौतुक झालं!

आणि पहिला सामना? 16 ऑगस्ट 2015, कोव्हेंट्रीविरुद्ध. निकाल 0-5. फॉरवर्डची चूक लोक विसरतात. गोलकीपरची चूक मात्र फळ्यावर आकड्यात लागते.

तुमच्या-आमच्या घरी असं झालं असतं तर? "बघ, सांगितलं नव्हतं?" हे शब्द ओठांवर आलेच असते. अदिती मात्र 2018 पर्यंत त्याच क्लबसाठी खेळली. परत आल्यावर तिने मुलींना फुटबॉल शिकवण्यासाठी 'शी किक्स' नावाची अकादमी काढली. 14 फेब्रुवारी 2020 ला बंगळुरूत गोकुलम केरळाने 3-2 असा अंतिम सामना जिंकून मुलींच्या राष्ट्रीय लीगचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्या संघाची गोलकीपर अदितीच होती. जुलै 2025 मध्ये ती निवृत्त झाली.

प्रत्येक मुलगी भारताकडून खेळेलच असं नाही, आणि तशी अपेक्षाही नको. पण पहिला सामना 0-5 असा हरून ती घरी आली, तर एवढंच विचारा, "पुढचा सामना कधी आहे गं?"