घरगुती यंत्रें : नांव ठाऊक, पाट ठाऊक नाहीं

तीन पिढ्या एका छपराखालीं नांदत असलेल्या घरांत हल्लीं माणसांपेक्षां यंत्रांचीच गर्दी अधिक झाली आहे, असें आम्हीं म्हटल्यास सुज्ञ वाचक रागावणार नाहींत. आमच्याच घरीं मध्यंतरीं मोजदाद केली, तेव्हां माणसें ९ आणि वायफायवर चालणारीं यंत्रें १७ भरलीं. ही मोजदाद हौसेनें केलेली नव्हती. प्रसंगच तसा ओढवला होता.

धाकट्या बंधूंच्या मुलास दुसऱ्या दिवशीं सकाळीं सात वाजतां परीक्षाकेंद्रावर छापील प्रवेशपत्र दाखवावयाचें होतें. रात्रीचे दहा वाजून गेले होते, गांवांतलीं दुकानें बंद झालीं होतीं, आणि माडीवरचा प्रिंटर, जो आठवड्यापूर्वीं बिनतक्रार कागद छापून देत होता, तो संगणकाला कांहीं केल्या सांपडेना. प्रिंटर जागचा हललेला नव्हता. त्याचा दिवाही लागलेला होता. त्याला पडदा नसल्यामुळें त्याच्याकडून कांहीं वदवून घेण्याचीही सोय नव्हती. पाठीवर मात्र एक चिठ्ठी चिकटविलेली होती व तीवर बारा चिन्हांचा 'मॅक पत्ता' छापलेला होता. ती पाहून मातोश्री म्हणाल्या, "अरे, पाठीवर पत्ता लिहिलेला आहे ना? मग सांपडत कसा नाहीं?"

प्रश्न अगदीं रास्त होता, व त्याचें उत्तर प्रत्येक घरांत ठाऊक असावें म्हणून यावेळीं तोच विषय घेतला आहे.

मॅक पत्ता हा वस्तुतः पत्ता नव्हे. तें यंत्राचें बारशाचें नांव होय. कारखान्यांत यंत्र तयार होतांनाच तें ठेवलें जातें. शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजी 'ए' ते 'एफ' हीं अक्षरें यांतून निवडलेलीं बारा चिन्हें त्यांत असतात. पैकीं पहिलीं सहा साधारणतः कारखानदाराचीं, म्हणजे आडनांवासारखीं, व उरलेलीं सहा त्या एकट्या यंत्राचीं. आयपी पत्ता ही गोष्ट निराळी. तो म्हणजे आजच्या पंगतींतला पाट. घरांतला राउटर हा यजमान. जें यंत्र येईल त्याला तो कांहीं मुदतीपुरता एक रिकामा पाट दाखवितो. पाटाचा क्रमांक १९२.१६८.१.२३ असा चार आंकड्यांनीं लिहितात. पाट वांटण्याची ही रीत १९९३ सालीं 'डीएचसीपी' या नांवानें नियमबद्ध झाली. नांव जन्मभराचें, पाट त्या दिवसाचा, हा भेद ध्यानांत घेतला म्हणजे आमच्या घरीं काय घडलें तें उघड होतें. आदल्या दिवशीं वीज जाऊन परत आली, सर्व यंत्रें नव्यानें पंगतीस बसलीं, आणि प्रिंटरला दुसरा पाट मिळाला. संगणक बिचारा जुन्या पाटावरच वाढीत राहिला!

पाटावरून नांव काढण्याची युक्ति फार पूर्वींची आहे. १९८२ च्या नोव्हेंबरांत डेव्हिड प्लमर यांनीं 'एआरपी' नांवाचा नियम लिहून प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें संगणक सगळ्या पंगतीला ऐकूं जाईल असें विचारतो, 'तेविसाव्या पाटावर जो असेल त्यानें आपलें नांव सांगावें.' ऐकतात सगळे, उत्तर देतो एकटा. आणि तें उत्तर संगणक थोड्या वेळापुरतें आपल्या टिपणांत ठेवतो. आमची अडचण मात्र उलटी होती. 'अमुक नांवाचा कोठें बसला आहे?' असें विचारण्याची सोय एआरपींत नाहीं. १९८४ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या मंडळींनीं 'आरएआरपी' नांवाचा उलटा नियम केला खरा. पण त्याचा मुख्य हेतु डिस्क नसलेल्या संगणकांची सोय लावणें हा होता. असा संगणक चालू होतांच त्याला स्वतःच्या नांवाखेरीज कांहींच ठाऊक नसे, म्हणून तो विचारी, 'माझें नांव हें. माझा पाट कोणता?' पुढें डीएचसीपी आल्यावर तोही नियम मागें पडला.

तेव्हां आजच्या गृहस्थास दोनच मार्ग उरतात. पहिला, यजमानास विचारणें. राउटरचें पान उघडून जोडलेल्या यंत्रांची यादी पाहिली, कीं तींत प्रत्येकाचें नांव व पाट शेजारीं शेजारीं मिळतात. दुसरा, पंगतींतून चालत जाणें. घरगुती जाळ्यांत बहुधा १ पासून २५४ पर्यंत पाट असतात. त्या प्रत्येकास संगणकावरून 'पिंग' करून हांक मारावी आणि मग 'एआरपी -ए' ही आज्ञा देऊन संगणकाचें टिपण वाचावें. येथें एक गंमत आहे. कित्येक यंत्रें पिंगच्या हांकेला ओ देत नाहींत, परंतु नांव विचारलें असतां तें सांगतात. म्हणून गप्प बसलेलींही टिपणांत सांपडतात. झोपीं गेलेलें यंत्र मात्र कोणत्याच मार्गानें हातीं लागत नाहीं. आधीं तें जागें करावें. शिवाय प्रिंटरला तारेचें एक व वायफायचें एक अशीं दोन नांवें असूं शकतात. चिठ्ठीवरचें कोणतें, हें पाहून घ्यावें.

आम्हीं पहिला मार्ग धरला. थोरल्या बंधूंनीं राउटरचें पान उघडलें, पुतण्या चिठ्ठीवरचीं चिन्हें मोठ्यानें वाचूं लागला, आणि चौदाव्या पाटाचा प्रिंटर तेविसाव्यावर मिळाला. पावणेअकराला प्रवेशपत्र छापून झालें. लगेच राउटरमध्यें तो पाट त्या नांवासाठीं राखून ठेवला. ही सोय बहुतेक राउटरांत असते, व घरांत प्रिंटर असेल त्यानें ती अवश्य वापरावी.

येथें प्रकरण संपावयाचें, पण त्याच यादींत एक नांव असें निघालें कीं तें कोणाच्याच ओळखीचें नव्हतें. वहिनी तत्काळ म्हणाल्या, "भावजी, हा खालच्या खोलींतला मुलगा. अभ्यासाला म्हणून चार दिवस वायफाय दिलें होतें, तें अजून वापरतो आहे." खालीं एक गरीब विद्यार्थी भाड्यानें राहतो; त्याला हांक मारण्यासाठीं धाकटे बंधु जिन्यापर्यंत गेलेही होते. मातोश्रींनीं त्यांना थांबविलें. "आधीं घरचीं सगळीं मोजा," एवढेंच त्या म्हणाल्या. वर सांगितलेली मोजदाद ती हीच.

त्या अनोळखी नांवाचें दुसरें चिन्ह 'ई' होतें. दुसरें चिन्ह २, ६, 'ए' किंवा 'ई' असेल, तर तें नांव बहुधा कारखान्यानें ठेवलेलें नसून यंत्रानें स्वतःच धारण केलेलें असतें. कोणी पाळत ठेवूं नये म्हणून २०१९ सालच्या अँड्रॉइड १० पासून व २०२० सालच्या आयओएस १४ पासून मोबाइल असें घेतलेलें नांव सांगूं लागले. एकेक मोबाइल उघडून ताडून पाहतां तें नांव खुद्द वहिनींच्या नव्या मोबाइलचें निघालें. घरांत कांहीं क्षण कोणी बोललें नाहीं.

म्हणून वाचकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, यंत्राचें नांव हा माणसाविरुद्धचा पुरावा मानूं नये. तें नांव बदलतां येतें; एआरपीचा नियम तर जो उत्तर देईल त्याच्यावर भरंवसा ठेवतो, खोटें सांगणाऱ्याची पारख त्याला नाहीं. आणि तें नांव घरच्या जाळ्याचा उंबरठा ओलांडून बाहेर जात नाहीं. तेव्हां चोरीस गेलेला संगणक केवळ मॅक पत्त्यावरून परगांवीं हुडकून काढतां येईल, ही समजूतही सोडून द्यावी. घरच्या सर्व यंत्रांचीं नांवें एका वहींत उतरून ठेवावीं व नवें यंत्र आलें कीं वहींत भर घालावी. अर्ध्या तासाचें काम आहे.

पुतण्या सकाळीं वेळेवर केंद्रावर पोहोंचला. त्याच दिवशीं वहिनींनीं खालच्या मुलास फराळाला वर बोलाविलें. कशाबद्दल, हें त्याला कळलें नाहीं. तो पोटभर जेवून गेला.