घाटात वाचवलेली मिनिटे वॉर्डात उधळणारे आम्ही!

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला खोपोलीपासून कुसगावपर्यंत ‘मिसिंग लिंक’ हा नवा रस्ता काढण्यासाठी सरकारने सह्याद्री पोखरला, सहा हजार कोटींहून अधिक रुपये ओतले. कशासाठी? घाटातली वीस-पंचवीस मिनिटे वाचावीत म्हणून! उत्तम. पण त्याच कुसगावातल्या शेतकऱ्याला पहाटे अर्धांगाचा झटका आला, घरच्यांनी धावाधाव करून त्याला पुण्याला पोहोचवले, सीटी स्कॅन झाला आणि रात्रपाळीचा निवासी डॉक्टर म्हणाला, "रिपोर्ट येऊ द्या", तर ती मिनिटे कोणाच्या घशात गेली?

मोठ्या पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आणि झटका रक्तस्रावाचा असेल तर तेच औषध जीव घेते. निवाडा स्कॅनचा. ताजे रक्त पांढरे दिसते, ते कोणीही ओळखेल. गुठळीच्या खुणा मात्र सुरुवातीला चोरपावलांनी येतात : मेंदूतल्या इन्सुला या भागाची कड पुसट होते, एखाद्या धमनीत पांढरी रेघ उमटते. न शिकलेला डोळा म्हणतो, "नॉर्मल आहे!"

सीटी स्कॅनचा जनक हाउन्सफील्ड, त्याच्या यंत्राने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला. अर्धशतक उलटले, यंत्रे तालुक्यापर्यंत आली. पाहणारे डोळे घडवायचे कोणी? एमडीनंतर तीन वर्षे डीएम न्यूरोलॉजी करणाऱ्या पोराला दोष देऊ नका. राउंडला त्याच्याकडून रिपोर्टच वाचून घेणारे गुरुजन दोषी आहेत. आधी रिपोर्ट वाचून मग स्कॅन पाहणे म्हणजे उत्तर पाहून गणित सोडवणे!

रेडिऑलॉजिस्ट कमी आहेत, कामाचा ताण आहे, ही रडगाणी पुरे. रात्रीचे स्कॅन सकाळी संगणकात तयारच असतात. रोज एक तास रेडिऑलॉजिस्टला शेजारी बसवा. रिपोर्ट झाका. निवासी डॉक्टरने आधी बोलावे, चुकावे, सर्वांदेखत चूक समजून घ्यावी. पुढे रुग्णावर शस्त्रक्रिया झाली तर तीत काय निघाले तेही त्याला कळावे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने डीएमच्या परीक्षेत न पाहिलेल्या स्कॅनची स्वतंत्र कसोटी ठेवावी. तीत नापास तो परीक्षेत नापास!

यासाठी डोंगर फोडावा लागत नाही. विभागप्रमुखांची झोप मोडावी लागते, आणि ती आजच मोडली पाहिजे!