आधी रुग्णवाहिका, मग माझी गाडी

हे जरा चिडून लिहितोय, आधीच सांगून टाकतो. पुण्याच्या मंडळींनी माझ्या ब्लडप्रेशरची काळजी करू नये, गोळी घेऊन बसलोय.

तकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण बहुतेकांना ठाऊक असेल. तरी थोडक्यात सांगतो. धडक बसली की एका धातूच्या डबीतलं रसायन पेटतं, त्याचा वायू होतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. तकातानं या डबीत अमोनियम नायट्रेट घातलं. स्वस्त पडतं ना! पण त्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खात राहिल्या की बिघडतात, मग पेटताना नको इतक्या भडकतात आणि डबीच फुटते. पिशवीतून धातूचे तुकडे सुटतात ते थेट माणसाच्या गळ्याच्या आणि चेहऱ्याच्या दिशेनं. एकट्या अमेरिकेत किमान 28 माणसं अशी गेली. त्यातल्या काही धडका तर इतक्या किरकोळ होत्या, की बंपर बदलून माणूस संध्याकाळी घरी जेवायला यायचा.

2008 साली पहिला छोटा रिकॉल निघाला, आणि वाढत वाढत अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख डब्या परत बोलवाव्या लागल्या. 2017 साली कंपनीनं कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी दिवाळं काढलं. इतपत सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलंय.

माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. या याद्या कधी नीट वाचल्या आहेत का? त्यात मर्सिडीजची स्प्रिंटर व्हॅन आहे. जगभर कितीतरी रुग्णवाहिका तिच्यावरच बांधतात. डॉज चार्जर आहे, म्हणजे एके काळी इथल्या हायवेवर आरशात दिसली की पोटात गोळा यायचा ती पोलिसांची गाडी. शेव्हरोलेची टाहो आहे, तीही पोलिसांची लाडकी. त्या टाहोच्या आणि तिच्या भावंडांच्या बाबतीत जनरल मोटर्सनं 2016 पासून चार वेळा सरकारकडे अर्ज केले, की आमच्या गाड्यांत हा धोका नाही, आम्हाला सूट द्या. 2020 च्या नोव्हेंबरात सरकारनं सगळे अर्ज फेटाळले, तेव्हा कुठे 59 लाख गाड्यांचा रिकॉल सुरू झाला. मधली चार वर्षं गाडी चालवणाऱ्यांची गेली.

या गाड्यांबद्दल कुणाशीही बोला, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "हो, पण रुग्णवाहिका उभी कशी करणार? लोकांचा जीव आहे."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण ते खरं आहे, आणि नेमकं उलट्या बाजूनं वापरलं जातं. माझी गाडी आठवड्यातून सहा दिवस ऑफिसच्या पार्किंगमध्ये झोपा काढते. रुग्णवाहिका रात्री तीन वाजता लाल सिग्नल ओलांडून जाते. धडक बसायची शक्यता जास्त कुणाची? आणि ती धडकली तर फक्त चालक जखमी होत नाही, मागे स्ट्रेचरवर एक माणूस असतो, आणि पुढच्या घरी तिसरा कुणीतरी तिची वाट बघत असतो. उभी करता येत नाही म्हणून जी गाडी शेवटी दुरुस्त करायची, ती त्याच कारणासाठी पहिली दुरुस्त व्हायला हवी. ऑइल बदलायला ती उभी राहते. ब्रेक पॅड बदलायला राहते. तेव्हा शेजारच्या स्टेशनची गाडी पुरतेच की! एअरबॅगच्या वेळीच नेमका लोकांचा जीव कसा आठवतो?

आणि गॅरेजपर्यंत न्यायचीच कशाला? याच रिकॉलमध्ये होंडा आणि फोर्डनं लोकांच्या दारात मेकॅनिक पाठवून एअरबॅग फुकट बदलून दिल्या. जो मेकॅनिक ड्राइव्हवेमध्ये येतो, तो रुग्णवाहिकेच्या स्टेशनवर येऊ शकत नाही?

आता कायद्याची गंमत बघा. 2004 साली कॅलिफोर्नियात दोन बहिणी भाड्याच्या गाडीत मरण पावल्या. त्या गाडीचा रिकॉल निघालेला होता आणि कंपनीनं ती दुरुस्त न करताच भाड्यानं दिली होती. त्यांच्या आईनं वर्षानुवर्षं लढा दिला आणि त्या मुलींच्या नावानं कायदा झाला. 2016 पासून 35 पेक्षा जास्त गाड्या असलेली भाड्याची कंपनी रिकॉल बाकी असलेली गाडी गिऱ्हाइकाला देऊच शकत नाही. उत्तम कायदा! पण तो भाड्याच्या गाड्यांपुरता. म्हणजे मी फ्लोरिडाला सुट्टीवर जाऊन गाडी घेतली तर कायदा माझ्या पाठीशी उभा. तिथेच मला छातीत कळ आली आणि मला न्यायला रुग्णवाहिका आली, तर तिला तो कायदा लागू नाही.

दुसरी गोष्ट पत्राची. रिकॉलचं पत्र जातं गाडीच्या नोंदणीकृत मालकाला. माझ्या गाडीचं आलं, मी फ्रिजवर चिकटवलं, बायकोनं आठ दिवस रोज आठवण केली (तिच्या भाषेत आठवण, माझ्या भाषेत दुसरा शब्द आहे), आणि काम झालं. रुग्णवाहिकेचा मालक कोण? टाउनशिप, काउंटी, हॉस्पिटल, नाहीतर एखादी ठेकेदार कंपनी. पत्र जातं कुठल्यातरी ऑफिसच्या ट्रेमध्ये. आणि ज्याच्या छातीपासून हातभर अंतरावर ती डबी आहे त्याला कुणी काही सांगायला बांधील नाही. त्यात सुरुवातीला नवीन सुटे भाग पुरत नव्हते म्हणून कित्येक गाड्यांत त्याच जातीची नवी डबी बसवून दिली, पुढे पुन्हा बदलायची म्हणून. म्हणजे एकदा काम झालं तरी दुसरं पत्र येणार. ते कुणाच्या फ्रिजवर चिकटणार?

हे मी का उगाळतोय? न्यू जर्सीत राहणाऱ्यांना सांगायला नको. इथल्या गावोगावच्या फर्स्ट एड स्क्वाडमध्ये आपली किती मुलं स्वयंसेवक म्हणून जातात! पुढे मेडिकलला जायचं तर ते उपयोगी पडतं, हे त्यामागचं उघड गुपित, पण बहुतेकांना मनापासून आवडायलाही लागतं. शनिवारी रात्री पिझ्झा टाकून ही पोरं गाडीत उड्या मारतात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटणारे त्यांचे आईबाप कॉलेज कुठलं, स्कोअर किती, सगळं विचारतात. मुलगा बसतो त्या गाडीचे रिकॉल बाकी आहेत का, हे विचारलेलं मी अजून ऐकलं नाही. इथे 17 अक्षरी व्हीआयएन नंबर सरकारच्या साइटवर टाकला की मिनिटभरात कळतं.

भारतातल्या वाचकांनी सुस्कारा सोडू नये. होंडानं 2017 च्या जानेवारीत भारतात 41,580 गाड्या याच एअरबॅगसाठी परत बोलावल्या होत्या. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या रिकॉलचं कलम आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. चांगलंच झालं. पण ती सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती आहे. त्यापुढे कंपनीची मर्जी. अहो, तकाताची डबी उन्हात आणि दमट हवेत कित्येक वर्षं मुरल्यावरच तर फुटते! मलेशियाच्या हवेत माणसं गेली आहेत, आणि रत्नागिरीची हवा काही फार वेगळी नाही. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 साली 937 रुग्णवाहिकांनी सुरू झाली. नियम आला तेव्हा त्या पहिल्या गाड्या सात वर्षांच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांत एअरबॅग असो वा नसो, ब्रेक आणि स्टिअरिंग तर होतंच. रुग्णवाहिका सात वर्षांनी मोडीत काढायची आपल्याकडे पद्धत असती तर मी गप्प बसलो असतो.

कुणी म्हणेल, डबी फुटायची शक्यता तशी कमी, आणि रुग्णवाहिका वेळेवर न पोचल्यानं माणूस जायची जास्त. कबूल. म्हणून मी सगळ्या गाड्या उद्या सकाळी बंद करा म्हणत नाही. मी म्हणतो, भाड्याच्या गाडीला आहे तसा नियम रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्यांना करा, सुटे भाग आधी त्यांना द्या, मेकॅनिक स्टेशनवर पाठवा, आणि पत्राची एक प्रत स्टेशनच्या भिंतीवर लावायची सक्ती करा.

आमच्या टाउनशिपची सभा पुढच्या मंगळवारी आहे. नागरिकांना तीन मिनिटं बोलायला मिळतात. मी गावाच्या सगळ्या रुग्णवाहिकांचे व्हीआयएन नंबर मागणार आहे. एडिसन आणि पार्सिपनीच्या मंडळींनी आपापल्या गावात तेवढं एक काम करावं. नंबर मिळाले तर मला पाठवा, यादी मी करतो.