गाडी मालकाची, सॉफ्टवेअर कंपनीचे!

आठवडाभर नवनवी सॉफ्टवेअर पारखणारा आयटीतील तरुण रविवारी मोटारप्रेमींच्या मेळाव्यात रमतो. त्याचे हे दोन छंद आता वेगळे राहिलेले नाहीत. बॉनेट उघडून पाना चालवण्याइतकेच महत्त्व लॅपटॉप जोडून इंजिनाचे नियंत्रण तपासण्याला आले आहे. पण हा अधिकार मालकाला आहे काय?

अमेरिकेत २०१५ मध्ये दुरुस्तीसाठी गाडीतील सॉफ्टवेअर हाताळण्यास कॉपीराइट कायद्यातून सूट मंजूर झाली. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२० मध्ये गाडीतून बिनतारी जाणारी माहितीही मालकाला खुली करण्याचा कौल दिला. भारतात केंद्राने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही होत्या.

कंपन्या सुरक्षितता आणि प्रदूषणाचे कारण पुढे करतात. ते निराधार नाही. हौसेपोटी केलेला बदल इतरांच्या जिवावर बेतू शकतो. मात्र, सॉफ्टवेअरद्वारे प्रदूषण चाचणीच फसवल्याचे २०१५ मध्ये उघड झाले, तेव्हा दोषी हौशी मालक नव्हते, फोक्सवॅगन ही निर्माता कंपनीच होती. गोपनीयता म्हणजे सुरक्षितता नव्हे. मालकाला दुरुस्तीची मुभा आणि केलेल्या बदलांची स्वतंत्र तपासणी, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.