जळालेली मोटार आणि पदवी

बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजाराच्या गावी उन्हाळ्यात चक्कर मारा. मोटारी भरून देणाऱ्या दुकानांपुढे विहिरींवरून आणलेल्या जळक्या मोटारी दिसतील. आतला कारागीर पुष्कळदा शाळा अर्ध्यावर सोडलेला असतो. तो जळके वेटोळे उपसतो, वेढे मोजतो, तारेची जाडी पाहतो आणि हुबेहूब तसेच नवे भरतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे गणित फळ्यावर मांडतो. पण हे काम मला जमणार नाही!

म्हणूनच 'पदवीत काय आहे, अनुभवच खरा' असे कोणी म्हटले की मुले माना डोलावतात. मला ते अर्धेच पटते. तीच मोटार पुन्हा पुन्हा का जळते, ते पाहा. तीनपैकी एक फेज गेला तरी चालती मोटार थांबत नाही. तेवढाच भार ती उरलेल्या दोन तारांवर ओढू पाहते. धारा सुमारे १.७३ पट होते. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेटोळ्यात जवळजवळ तिप्पट! अशा वेळी स्टार्टरमधल्या रिलेने मोटार बंद करायला हवी. पण 'स्टार्टर सारखा पडतो' म्हणून कुणा अनुभवी हाताने रिलेला बगल देऊन तो 'डायरेक्ट' केलेला असतो. फ्यूजमध्येही जाड तार. मग मोटार जळते, खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो आणि पाण्यावाचून उभे पीक माना टाकते. वीस वर्षांत हात कसबी झाला, पण त्या वर्गाचा अर्थ कोणी सांगितलाच नाही.

फॅरेडेचे उदाहरण हमखास दिले जाते. तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार होता, पदवी नव्हती, हे खरे. पण बांधायला आलेली पुस्तके तो वाचत असे, हे सांगायचे राहून जाते.

आणि आमचे पदवीधर? मोटारीची आकृती अचूक काढतील. पण दोन फेज अदलाबदल केले की ती उलटी फिरते, हे कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलेले नसते.

शिक्षकांना एक विनंती. दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवाल तेव्हा एक दुपार वर्ग अशा दुकानात न्या. चालू जोडणीला कोणी हात लावू नये, एवढे पाहा. मुलांनी वेढे मोजावेत आणि त्या तिपटीचा हिशेब कारागिराला समजावून सांगावा. तो काय उत्तर देतो, ते मला जरूर कळवा.