तुम्ही कोणाचे?

निवडणूक आटोपली की वर्तमानपत्रांत मतदानाच्या टक्केवारीचे तक्ते झळकतात आणि त्यांच्या आधारे समाजाच्या राजकीय जाणिवेचा निवाडा होतो. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर मतदारसंघात 84 टक्क्यांहून अधिक मतदान झाले. मुंबईतील कुलाब्यात ते 45 टक्क्यांपर्यंतही पोचले नाही. पहिला मतदार जागरूक आणि दुसरा उदासीन, असा अर्थ लगेच लावला गेला. मला हा अर्थ घाईचा वाटतो. टक्केवारी म्हणजे कल नव्हे, आणि कल म्हणजे मत नव्हे. लहान गावात तर या तिन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की त्या वेगळ्या काढणे हेच वाचकाचे खरे काम ठरते.

तालुक्याच्या गावात नवख्या माणसाला ‘तुम्ही कोणत्या पक्षाचे?’ असे सहसा विचारीत नाहीत. ‘तुम्ही कोणाचे?’ असे विचारतात. ही षष्ठी विभक्ती बोलकी आहे. करवीरमध्ये वर्षानुवर्षे लढत झाली ती पाटील आणि नरके या दोन गटांत. साखर कारखाना, दूध संघ, सोसायटी, पतपेढी यांच्या निवडणुका होत राहतात आणि प्रत्येक वेळी गट नव्याने मोजला जातो. विधानसभा ही त्या मालिकेतली एक फेरी. नेता पक्ष बदलतो तेव्हा शहरातल्या भाष्यकाराला तत्त्वच्युतीचा धक्का बसतो; गटातल्या माणसाच्या दृष्टीने फक्त चिन्ह बदललेले असते. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण उसाची तोड वेळेवर मिळणे, मुलाला कारखान्यात चिकटवणे, सोसायटीचे कर्ज मंजूर होणे हे सारे ज्या गटाच्या हातात, त्याच्याशी निष्ठा राखण्यात व्यवहाराची एक स्वच्छ समज आहे. अशा ठिकाणी मतदानाला न जाणे ही उदासीनता राहत नाही, ती उघड कृती होते. बोटावर शाई नाही हे संध्याकाळी पारावर दिसते. कुलाब्यातल्या इमारतीत शेजाऱ्याचे बोट कोण पाहतो?

मराठी राजकीय कादंबरीने या मतदाराकडे फारसे पाहिलेले नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’मध्ये सत्तेच्या हालचाली आहेत, पत्रकार आहे, मुख्यमंत्री आहे, मत देणारा माणूस मात्र पार्श्वभूमीला. ‘सामना’ चित्रपटातला हिंदुराव आपल्याला पाठ असतो, त्याच्या गावातले मतदार नव्हे. रंगनाथ पठारे यांची ‘ताम्रपट’ या बाबतीत अधिक खाली उतरते, पण तिचेही लक्ष मुख्यतः सत्तेच्या रचनेवर आहे. मतदान यंत्रासमोर उभ्या असलेल्या बाईच्या मनात त्या क्षणी काय चालते, हा विषय आपल्या कथाकारांना अजून पुरेसा मोठा वाटलेला नाही.

तो मोठा आहे, कारण गुप्त मतदान ही लहान गावात अर्धवट गोष्ट आहे. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांवरच्या पेट्यांतील मतपत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रे आली आणि प्रत्येक केंद्राचा निकाल वेगळा दिसू लागला. केंद्र म्हणजे साधारण हजार-बाराशे मतदार. गावात त्याचा अर्थ एखादी आळी, एखादी वस्ती, बऱ्याचदा एखादी जात. व्यक्तीचे मत झाकलेले राहते, वस्तीचे उघडे पडते. मग नळ कोणत्या आळीला आधी आणि गटार कोणत्या वस्तीत कधीच नाही, याचा हिशेब त्या तक्त्यावरून मांडता येतो. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणाऱ्या ‘टोटलायझर’ची सूचना निवडणूक आयोगाने 2008 मध्ये केली, विधी आयोगाने 2015 च्या अहवालात तिला दुजोरा दिला; केंद्र सरकारने मात्र विरोध केला. केंद्रवार आकडे कळले तर उमेदवार आपण कमी पडलो तिथे जास्त काम करील, असा त्यामागचा युक्तिवाद. तो करणाऱ्यांनी लहान गावात एक पावसाळा काढावा.

सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीचे प्रकरण याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. 2024 च्या निकालानंतर तिथल्या काही ग्रामस्थांना आपल्या केंद्रांवरचे आकडे पटले नाहीत. त्यांचा उमेदवार मतदारसंघात विजयी झाला होता, तरीही. 3 डिसेंबरला मतपत्रिकेवर अभिरूप मतदान घेण्याचे त्यांनी ठरवले, प्रशासनाने ते होऊ दिले नाही. चर्चा सगळी यंत्राभोवती फिरली. मला त्यातला दुसराच धागा महत्त्वाचा वाटतो: गावाला आपला कल आधीच ठाऊक आहे, हा विश्वास. तो खरा असेल तर मतदान गुप्त नव्हते. खोटा असेल तर गावातल्या कित्येकांनी शेजाऱ्याला एक सांगून आत दुसरेच बटण दाबले. या दुसऱ्या शक्यतेत मला मतदाराचे स्वातंत्र्य दिसते, भले ते कोणत्याही बाजूने वापरलेले असो.

आणि जे केंद्रापर्यंत पोचतच नाहीत त्यांचे काय? बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. 2019 चे विधानसभेचे मतदान 21 ऑक्टोबरला होते, 2024 चे 20 नोव्हेंबरला. या एका महिन्यात कोयता, बैलगाडी आणि लेकरांसह कुटुंबे दूरच्या फडांवर पोचण्याची वेळ येते, आणि मतदार यादीतले नाव गावातच राहते. मत द्यायचे तर मजुरी आणि उचल दोन्हींचा हिशेब बिघडवून परतावे लागते. स्थलांतरितांना असतील तिथून मतदान करता यावे म्हणून निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये एका यंत्राचा प्रस्ताव राजकीय पक्षांसमोर ठेवला होता. त्यानंतरची लोकसभा आणि विधानसभा दोन्ही त्याच्याविनाच पार पडल्या, आणि फडावरची माणसे तक्त्यात कुलाब्याच्या मतदारांच्याच रकान्यात गेली.