गोळीनंतरच्या उपचाराचे काय?

लोहखनिजामुळे सूरजागडचे नाव राज्यभर झाले. एटापल्ली तालुक्यातील या डोंगराळ भागातून मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचणे मात्र सोपे नाही. आलापल्ली, आष्टी करत गडचिरोली गाठायची, तर रुग्णाबरोबर घरातील आणखी एकाची मजुरी बुडते.

स्किझोफ्रेनियासारख्या आजारात रुग्णाला नसलेले आवाज ऐकू येतात, आपल्याच माणसांचा संशय येतो. आवाज थांबले, संशय ओसरला की डॉक्टरांच्या लेखी उपचार लागू पडले. घरच्यांचा प्रश्न वेगळा असतो: तो आंघोळ करतो का? धानाच्या बांधीत उतरतो का? तेंदूपत्त्याच्या हंगामात चारचौघांबरोबर जातो का? गोळ्यांनी भास कमी होतात. पण सुटलेली कामाची सवय आणि तुटलेली माणसे केवळ गोळ्यांनी परत येत नाहीत. तिथे मनोसामाजिक उपचार लागतो.

तो डॉक्टरांशिवाय इतर कोणी देऊ शकेल का? गोवा, सातारा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम येथे २८२ रुग्णांवर याची चाचणी झाली. निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. काही रुग्णांना केवळ दवाखान्यातील उपचार मिळाले. इतरांच्या घरी त्याशिवाय प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्तेही वर्षभर गेले. आजार समजावणे, औषधांत खंड पडू न देणे, रुग्णाला हळूहळू कामाला लावणे, हे त्यांचे काम. या रुग्णांची लक्षणे आणि दैनंदिन अडचणी थोड्या अधिक घटल्या. फायदा माफक होता आणि मुख्यतः कांचीपुरमला दिसला. म्हणजे गृहभेट ही औषधाची जोड आहे, पर्याय नव्हे.

सूरजागडसाठी यातून दोन गोष्टी निघतात. औषध गावाजवळ नियमित मिळायला हवे. आणि घरी जाणारी व्यक्ती माडिया बोलणारी हवी; मनातले भय परक्या भाषेत सांगता येत नाही. आधीच कामाने वाकलेल्या ‘आशा’वर हे विनामोबदला टाकून भागणार नाही. कुटुंब आधी पुजाऱ्याकडे जात असेल, तर त्याला हिणवण्याऐवजी रुग्ण पुढे पाठवण्यासाठी त्याची मदत घेणे शहाणपणाचे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. पण रात्री तो जंगलात निघून जाईल या भीतीने जागणाऱ्या आईला केवळ कायदा सांगून चालत नाही. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक सल्ला देतो. दार ठोठावणारे माणूस मात्र व्यवस्थेलाच पाठवावे लागेल.